यादीत नसलेले माजी विद्यार्थी

माजी विद्यार्थी संघाचा चार्ज माझ्याकडे आला तेव्हा कॉलेजात नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, पुढच्या फेरीची तयारी सुरू झाली होती. आमचं कॉलेज सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी पट्ट्यातलं, शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. कला आणि वाणिज्य आधीपासूनचं, विज्ञान नंतर आलेलं. मी वाणिज्य शिकवते. चार्जमध्ये मला संघाच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, एक पावतीपुस्तक, सभासदांचं रजिस्टर आणि वर्षागणिक मेळाव्याची एकेक फाइल मिळाली. प्रत्येक फाइलमध्ये निमंत्रणपत्रिका, सह्यांचा कागद, व्यासपीठावरचे फोटो आणि वर्तमानपत्राचं कात्रण. सह्या वाचत गेले तर बरीचशी नावं दरवर्षी तीच. त्यातले काही जण आमच्याच कॉलेजात नोकरीला असलेले.

नॅकच्या तेव्हाच्या पाचव्या निकषात ५.४ हा मुद्दा माजी विद्यार्थ्यांचा होता. संघ नोंदणीकृत आहे का आणि संस्थेच्या विकासात त्याचा पैशाच्या किंवा इतर रूपानं काय वाटा आहे, हे त्यात विचारलं जायचं. ही विचारणा मला योग्यच वाटते. ती नसती तर ग्रामीण भागातल्या कितीतरी कॉलेजांत संघ स्थापनही झाला नसता. पण विचारणा वर्षातून एकदा उत्तर लिहिण्यापुरती उरली की मेळावा हेच काम होऊन बसतं. सत्कार, प्रास्ताविक, दोन-चार जणांच्या आठवणी, जेवण, आभार. आलेला माणूस पाहुणा म्हणून येतो आणि पाहुणा म्हणूनच परत जातो. वर्गात बसलेल्या मुलांशी त्याची गाठ पडत नाही. मला हे बदलायचं होतं. प्राचार्यांनी एवढंच सांगितलं, "मॅडम, मेळावा बंद करू नका. बाकी तुम्हाला हवं ते करा."

सुरुवात यादीपासून केली. सभासद रजिस्टरात होती ती फक्त वर्गणी भरलेल्यांची नावं. खरी यादी ऑफिसात होती, जनरल रजिस्टरात. कापडी बांधणीचे ते जाडजूड खंड, प्रवेशाच्या वर्षानुसार लावलेले. नाव, जन्मगाव, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, कॉलेज सोडल्याची तारीख आणि कारण. पत्ता म्हणजे 'मु. पो.' आणि तालुका. फोन नंबर जुन्या खंडांत असण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या हेडक्लार्क तात्यांनी ते खंड ऑफिसबाहेर न्यायला साफ नकार दिला, आणि ते बरोबरच होतं. दाखल्याची दुसरी प्रत मागायला आजही लोक येतात आणि त्या वेळी पुरावा म्हणून तेवढंच असतं. मग 'कमवा व शिका' योजनेतल्या मुलांनी तात्यांच्या टेबलाशेजारी बसून नोंदी संगणकावर चढवल्या. तासांचं मानधन त्यांना मिळत होतं, आणि काम करता करता एखाद्याला स्वतःच्या वडिलांचं, आत्याचं नाव सापडायचं. त्या दिवशी ऑफिसात चहा व्हायचा.

नोंदी संगणकावर आल्यावर गावनिहाय चाळणी लावली. आपण कुणाकुणाला गमावलं आहे ते त्या चाळणीतून समोर आलं.

पहिल्या मुली. आमच्याकडे वाणिज्य शाखेत मुलींची संख्या पूर्वीपासून चांगली. मेळाव्याच्या सह्यांत मात्र त्या बोटांवर मोजण्याइतक्या. कारण उघड होतं. लग्नानंतर नाव बदलतं, आडनाव बदलतं, गाव बदलतं. रजिस्टरातलं नाव आणि आजचं नाव यांना जोडणारा कागद कॉलेजकडे नसतो. फेसबुकवर शोधायचं तर कोणत्या नावानं शोधणार? बॅचचे व्हॉट्सअॅप ग्रुप असतात, पण ते मुलांनी केलेले. एकमेकांचे नंबर त्यांच्याकडे असतात. वर्गातल्या मुलीचा नंबर असणं आमच्या भागात त्या काळी शक्यच नव्हतं, आणि आज तो मागायलाही पुरुषांना संकोच वाटतो.

म्हणून कॉलेजात शिकत असलेल्या मुलांमुलींनाच मी या कामात घेतलं. ज्या गावची मुलगी, तिच्याकडे त्या गावची यादी. तिनं घरी आईला, आजीला, शेजारच्या वहिनीला विचारायचं: ही अमक्याची मुलगी कुठं दिली? गावात ही माहिती सगळ्यांना असते. कुठं दिली, जावई काय करतो, ती स्वतः काय करते, भाऊबीजेला येते का. माहेरचा पत्ता पक्का असल्यामुळं शोध माहेरापासूनच सुरू करावा लागला. मग भावाचा फोन, भावाकडून तिचा. अनोळखी नंबरवरून कॉलेजचं नाव सांगितल्यावर पलीकडे आधी शंका असायची. "दाखल्याचं काही राहिलंय का?" हा प्रश्न तर मी कितीदा ऐकला. त्यानंतर मात्र बोलणं थांबायचं नाही.

अशा शोधातून सापडलेल्या एका ताईंनी मला जे सांगितलं ते मी संघाच्या बैठकीत जसंच्या तसं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, मेळाव्याचं पत्र मला कधी आलंच नाही. आलं असतं तरी माहेरी आलं असतं, आणि वडील गेल्यावर माझं पत्र पुढं पाठवणारं तिथं कोण होतं?" या ताई एका पतसंस्थेत शाखाधिकारी आहेत. त्यांच्या बॅचचा मेळावा झाला तेव्हा त्या कॉलेजपासून तासाभराच्या अंतरावर होत्या. बचत गटांच्या समन्वयक, जिल्हा परिषदेच्या शिक्षिका, पोलीस शिपाई, कृषी सेवा केंद्र सांभाळणाऱ्या, नवऱ्याच्या यंत्रमाग कारखान्याचे हिशेब एकहाती पाहणाऱ्या, अशा कितीतरी जणी सापडल्या. आपल्याला 'यशस्वी माजी विद्यार्थी' हवा असतो तेव्हा आपण मोठ्या पदांकडे पाहतो. आमच्या आजच्या विद्यार्थिनीला मात्र तिच्यासारख्याच घरातून आलेली, परवानगी मागत शिकलेली आणि आज सही करण्याच्या जागेवर बसलेली बाई भेटणं फार गरजेचं आहे.

दुसरे हरवलेले म्हणजे मधेच सोडून गेलेले. आमचा हा पट्टा दुष्काळी. टेंभू सिंचन योजनेचं पाणी येण्याआधी पिढ्यान्‌पिढ्या माणसं पोटासाठी बाहेर पडली आणि त्यातल्या पुष्कळांनी गलाईचा धंदा धरला. जुनं सोनं-चांदी वितळवून, शुद्ध करून देण्याचं हे काम. विटा, खानापूर, आटपाडी, पलीकडच्या खटाव-माणमधली कुटुंबं त्यासाठी केरळ, तमिळनाडू, पंजाब, बंगालपर्यंत पसरली आहेत. बारावी झाली किंवा पहिलं वर्ष अर्धं झालं की चुलत्याचा, मामाचा निरोप यायचा आणि मुलगा दुकानावर जायचा. रजिस्टरात कारणाच्या रकान्यात 'परगावी गेल्याने' एवढंच. त्यातले कितीतरी आज दुसऱ्यांना रोजगार देतात, तमिळ किंवा मल्याळम सहज बोलतात. पण संघाच्या घटनेत सभासदाची व्याख्या 'महाविद्यालयाचा पदवीधर' अशी होती. म्हणजे हे कुणीच नाहीत.

ती व्याख्या बदलण्याच्या सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, "मग नापास झालेल्यालाही आपण सभासद करणार का?" प्रश्न त्यांनी प्रामाणिकपणेच विचारला होता. उत्तर दिलं ते आमच्या एका निवृत्त सरांनी: "फी त्यानंही भरली, तास त्यानंही केले. घरची परिस्थिती नव्हती म्हणून गेला. त्याला आपण आता दुसऱ्यांदा बाहेर काढायचं का?" ठराव मंजूर झाला. कॉलेजात किमान एक सत्र शिकलेली कोणतीही व्यक्ती आता सभासद होऊ शकते.

कागदोपत्री बाजूबद्दल थोडं सांगते, कारण दुसऱ्या कॉलेजांना त्याचा उपयोग होईल. महाराष्ट्रात असा संघ साधारणपणे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, असा दोन्हीकडे नोंदवला जातो. काम धर्मादाय आयुक्तांच्या अखत्यारीत चालतं. कार्यकारिणी बदलली की विश्वस्त कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. आमच्या संघाचे मागचे रिपोर्ट दिलेच गेले नव्हते. कागदावर जी कार्यकारिणी होती त्यातले काही जण हयात नव्हते. आधीची साखळी नीट जोडल्याशिवाय नव्या कार्यकारिणीची नोंद घ्यायला अडचण, आणि अद्ययावत कागदांशिवाय बँक खात्यावरच्या सह्याही बदलेनात. जुनी इतिवृत्तं शोधणं, दिवंगतांच्या वारसांकडून मृत्यूचे दाखले घेणं, विलंब माफीचा अर्ज, वकिलांच्या खेपा, असं ते काम बरेच महिने चाललं. नवी योजना आखण्याआधी आपल्या संघाचे चेंज रिपोर्ट आणि लेखापरीक्षण कुठवर आलं आहे ते तपासा, हे मी प्रत्येकाला सांगते.

यादी आणि कागद रुळावर आले, आता माणसं. गलाईवाले गावी दोनदा हमखास येतात: दिवाळीला आणि गावच्या यात्रेला. आमच्याकडच्या बहुतेक गावांच्या यात्रा चैत्राच्या सुमारास. कॉलेजचा मेळावा मात्र डिसेंबर-जानेवारीतल्या रविवारी, म्हणजे तेव्हा हे सगळे कोईमतूरला नाहीतर कोचीला. म्हणून कॉलेजच गावी न्यायचं ठरवलं. यात्रेच्या आदल्या संध्याकाळी, पालखीच्या आधी, देवळाच्या सभामंडपात किंवा ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये तासाभराची बैठक. सोबत त्याच गावचे आमचे विद्यार्थी. व्यासपीठ नाही, हार नाहीत, सगळे सतरंजीवर. माहेरवाशिणीही यात्रेला आलेल्या असतात, त्यामुळं त्याही येत. त्यांच्यासाठी वेगळी बैठक घ्यावी असं सुचवलं गेलं होतं. मला तसं नको होतं. पण पहिल्या गावात त्या मागं भिंतीला टेकून गप्प बसल्या, तेव्हापासून मी बैठकीची सुरुवात त्यांच्यापासून करू लागले. आधी त्यांनी बोलायचं, मग बाकीच्यांनी.

या बैठकांत पैसे मागायचे नाहीत असं पक्कं ठरवलं होतं. लोक पाकीट काढायचेच. यात्रेचे दिवस, हात सढळ असतो. मी सांगायचे, "दादा, पावती नंतर बघू. आधी मला सांगा, आमच्या एका मुलाला महिनाभर तुमच्याजवळ काम शिकवाल का?"

त्याचं कारण होतं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.कॉम.च्या पहिल्याच वर्षात प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आलं, ज्याला सगळे ओजेटी म्हणतात. चार श्रेयांक, एकाला ३० तास धरून १२० तासांचं काम. पुण्या-मुंबईत कंपन्या असतात. आमच्याकडे मुलांनी जायचं कुठं? कुणीतरी ओळखीच्या दुकानदाराकडून सहीशिक्क्याचं पत्र आणायचं आणि घरी बसायचं, हे होणार हे स्पष्ट दिसत होतं. जागा होत्या त्या माजी विद्यार्थ्यांकडेच. विट्यातले कर सल्लागार, यंत्रमाग कारखाने, पोल्ट्रीवाले, पतसंस्था, आटपाडीकडचे डाळिंबाचे व्यापारी. बैठकांत प्रत्येकाला आम्ही एक छापील कागद दिला: मुलगा किंवा मुलगी किती तास येईल, काय शिकवायचं, रोज काय लिहून घ्यायचं, काय करायला लावायचं नाही. शेवटचा रकाना मुद्दाम घातला होता. चहा आणणं आणि झेरॉक्स काढणं यात १२० तास जाऊ नयेत म्हणून.

याचा परिणाम मी वर्गात पाहिला. जीएसटीचा धडा मी वर्षानुवर्षं शिकवते. पण महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३-बी ही विवरणपत्रं भरायची म्हणजे ऑफिसात नेमकं काय होतं, कोणत्या व्यापाऱ्याची बिलं शेवटच्या रात्री येतात, खरेदीचा ताळमेळ लागला नाही की कुणाला फोन करायचा, हे मुलं तिथून शिकून आली. एक मुलगा कोईमतूरला गलाईच्या पेढीवर गेला. सोन्यावरच्या ३ टक्के कराचे हिशेब, हॉलमार्किंगचा एचयूआयडी क्रमांक, शुद्धतेची तपासणी आणि त्यातली घट कशी मांडायची, हे सगळं त्यानं अहवालात इतकं नीट लिहिलं की पुढच्या वर्षी मी तो अहवाल वर्गात नमुना म्हणून वापरला. त्याला शिकवणाऱ्या पेढीमालकांनी आमच्याकडे बी.कॉम.चं पहिलं वर्ष अर्धवट सोडलेलं होतं. अहवालावर मार्गदर्शक म्हणून सही करताना त्यांनी खाली कॉलेजातलं आपलं वर्ष आणि तुकडीही लिहिली होती.

मुलींच्या बाबतीत प्रश्न राहण्याचा होता. सांगलीला रोज जाऊन-येऊन करायचं तर शेवटच्या एसटीची चिंता, राहायचं तर घरचे तयार नाहीत. इथं त्या शोधून काढलेल्या ताया उभ्या राहिल्या. "माझ्याकडे राहू दे, मी तिच्या आईशी बोलते," असं सांगलीतल्या एकीनं सांगितलं, मग मिरजेतल्या दुसरीनं. आईशी बोलणं आमच्या पत्रापेक्षा कितीतरी उपयोगी पडलं. मुलगी त्याच पंचक्रोशीतली, ताईंचं माहेर ओळखीचं, त्यामुळं वडिलांचा नकार टिकायचा नाही.

पैसे आले ते यानंतर, आणि न मागता आले. संस्थेच्या बैठकीत आयआयटी मुंबईचं उदाहरण हमखास निघतं. तिथले माजी विद्यार्थी नंदन निलेकणी यांनी २०२३ मध्ये ३१५ कोटी रुपये दिले. ते मोठंच आहे, पण तिथं अशा कामासाठी पूर्ण वेळ माणसं असतात आणि बॅचनुसार संपर्क अनेक वर्षं राखलेला असतो. आमच्यासारख्या कॉलेजनं त्या आकड्याकडे बघत बसण्यापेक्षा आपल्या मुलांचं कुठं अडतं ते बघावं, असं माझं ठाम मत आहे. आमच्याकडे अडतं ते परीक्षा शुल्काशी. शिष्यवृत्ती मंजूर असते, पैसे उशिरा जमा होतात, आणि फॉर्मची मुदत थांबत नाही. म्हणून संघानं फिरता निधी केला. विद्यार्थ्याचं शुल्क निधीतून भरायचं, शिष्यवृत्ती जमा झाली की त्यानं परत करायचं. व्याज नाही, हमीदार नाही, नाव कुठंही जाहीर नाही. पैसे परत येतात. जे येत नाहीत त्यांच्या घरी काय चाललं आहे, ते आम्हाला त्यातूनच कळतं.

देणगी घेताना नियम काटेकोर पाळले. देणगीवरची ८०-जीची आयकर सवलत हवी असेल तर २,००० रुपयांवरची रोख रक्कम चालत नसे, आणि नवी करप्रणाली घेतलेल्याला ती सवलतच मिळत नसे. हे आधीच सांगितलं की नंतर कुणी रागावत नाही. देणग्यांचं १०-बीडी विवरणपत्र ३१ मेपर्यंत भरायचं आणि देणगीदाराला १०-बीई प्रमाणपत्र द्यायचं. परदेशातल्यांचं प्रकरण आणखी नाजूक. दुबईत नोकरी करणारा आमचा विद्यार्थी भारतीय पासपोर्टवर आहे. त्यानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय देणगी ठरत नाही. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या एकांचे पैसे परकीय देणग्यांच्या कायद्याखालच्या, म्हणजे एफसीआरए, नोंदणीशिवाय घेता येत नव्हते, मग त्यांच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. त्यांना हे कळवणं अवघड गेलं, कारण ते मनापासून देत होते. त्यांनी विचारलं, मग मी काय करू? आता ते शनिवारी रात्री, म्हणजे त्यांच्या सकाळी, ऑनलाइन मुलाखतींचा सराव घेतात. इंग्रजीत बोलताना अडखळणाऱ्या मुलांना ते मधेच मराठीत धीर देतात.

एक अनुभव निवडणुकीच्या हंगामातला. यादीत इतकी माहिती जमली आहे हे बाहेर कळलं आणि ती मागायला माणसं आली. आपल्याच कॉलेजची, आपलीच माणसं म्हणून. मी दिली नाही. प्राचार्य माझ्या मागं उभे राहिले. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की भावाच्या फोनवरून शोधलेल्या बहिणीनं आपला नंबर आमच्यावर विश्वास ठेवून दिलेला असतो. तो एकदा बाहेर गेला की पुढच्या वेळी तिच्या गावातली कुठलीच मुलगी फोन उचलणार नाही. आता नंबर संगणकावर दोनच माणसांना दिसतात, आणि प्रत्येकाची लेखी संमती घेतलेली आहे.

माजी विद्यार्थ्यांसाठी एक अॅपही वार्षिक शुल्क भरून घेतलं होतं. त्यात फारसं कुणी आलं नाही आणि आम्ही ते बंद केलं. त्याऐवजी महिन्यातून एकदा प्राचार्यांचा किंवा एखाद्या विद्यार्थ्याचा दोन मिनिटांचा आवाजी संदेश जातो. गाडी चालवताना, दुकानात बसल्या बसल्या लोक तो ऐकतात आणि उत्तर देतात.

मेळावाही होतो, दरवर्षी. आता त्यात सकाळचा वेळ वर्गांना दिलेला असतो. आलेल्यानं आधी एका वर्गात जायचं, तासभर मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची आणि मग मंडपात यायचं. नॅकची फाइलही भरते, पूर्वीपेक्षा जास्त, आणि तिच्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून दाखला देण्याआधी आता एक कार्ड भरून घेतो: स्वतःचा नंबर, आईचा नंबर, घरातल्या एका अशा माणसाचा नंबर जो गाव सोडणार नाही, आणि पुढं नाव बदललं तर कळवण्यासाठी कॉलेजचा एक कायमचा नंबर. १९८५ च्या आधीचे खंड अजून संगणकावर चढवायचे आहेत. त्यांची पानं जुनी झाली आहेत, काही ठिकाणी शाई पसरली आहे. तात्या यंदा निवृत्त होत आहेत, पण त्या अक्षरांची ओळख त्यांनाच असल्यामुळं जूनपासून मंगळवारी आणि शुक्रवारी येऊन मुलांसोबत बसायचं त्यांनी कबूल केलं आहे.